प्रतिभा वाट काढते, असं म्हणणाऱ्यांना

परदेशात बस्तान बसवू पाहणाऱ्या नव्या कलावंतांसाठी मार्गदर्शनाचा किंवा मदतीचा एखादा कार्यक्रम निघाला की त्यावरचा आक्षेपही ठरलेला असतो. खऱ्या प्रतिभेला कुबड्या लागत नाहीत, ती आपली वाट आपण काढते. ज्याला अर्ज कसा भरायचा हे शिकवावं लागतं तो चित्रकार नव्हे, अर्जदार. असं म्हणणारे सगळेच काही परक्यांचा द्वेष करणारे नसतात. त्यांतले पुष्कळ जण कलेवर मनापासून प्रेम करणारे असतात, आणि कलेच्या जगात कार्यशाळा, समुपदेशन, ‘व्यावसायिक विकास’ या भाषेचा जो सुळसुळाट झाला आहे त्याचा त्यांना आलेला उबग रास्तच आहे. शिवाय त्यांच्याकडे दाखले असतात. विलेम डी कूनिंग हा त्यांचा हुकमी एक्का. हा डच तरुण १९२६ मध्ये बोटीत लपून अमेरिकेला आला. खिशात पैसा नाही, जवळ कागद नाही, जेमतेम इंग्रजी. आणि पुढे तो विसाव्या शतकातला एक मोठा चित्रकार झाला. त्याला कुणी मेंटर नेमून दिला होता, असा प्रश्न विचारला जातो. आपल्याकडे हाच प्रश्न फ्रान्सिस न्यूटन सूझा यांचं नाव घेऊन विचारला जातो. या दाखल्यांचा मान राखायचा तर ते पूर्ण वाचले पाहिजेत, आणि पूर्ण वाचले की ते आक्षेपाच्या विरुद्धच साक्ष देतात.

डी कूनिंगची गोष्ट बंदरावर संपत नाही. होबोकेनला त्याला पहिला आसरा मिळाला तो डच खलाशांच्या वसतिगृहात, म्हणजे आपल्या भाषेच्या माणसांनी परमुलखात चालवलेल्या एका संस्थेत. पुढची आठ-नऊ वर्षं त्याने घरं रंगवली, सुतारकाम केलं, दुकानांसाठी आणि जाहिरातींसाठी चित्रं काढली. स्वतःची चित्रं उरलेल्या वेळात. हा क्रम बदलला तो १९३५ मध्ये. मंदीच्या काळात रूझवेल्ट सरकारने बेकार कलावंतांना पगारी काम देणारा फेडरल आर्ट प्रोजेक्ट सुरू केला आणि डी कूनिंग त्यावर लागला. न्यूयॉर्कमध्ये या प्रकल्पावरच्या चित्रकाराला आठवड्याला तेवीस डॉलरच्या वर पगार मिळे. रक्कम मोठी नव्हती, पण ती चित्र काढण्यासाठी मिळत होती आणि दर आठवड्याला मिळत होती. पोटासाठी दुसरं काय करावं लागेल ते लागो, आपण चित्रकार आहोत असं मानून जगायचं, हा निर्णय त्या दिवसांतला असल्याचं त्याने स्वतः नंतर सांगितलं आहे. त्याच प्रकल्पावर मार्क रॉथ्को होता, तो लहानपणी रशियन साम्राज्यातून आलेला. आर्शिल गोर्की होता, तो आर्मेनियन नरसंहारातून वाचून १९२० मध्ये अमेरिकेला पोचलेला, आणि नेवार्क विमानतळासाठीची त्याची भित्तिचित्रं याच प्रकल्पातली. ज्यांच्या नावावर अमेरिकन चित्रकलेचा सुवर्णकाळ सांगितला जातो त्यांतल्या या तिघांच्या पोटाची काळजी सरकारी पगारपत्रकाने वाहिली होती.

मार्गदर्शक म्हणावेत असे लोकही डी कूनिंगला भेटले होते. फक्त त्या काळी त्या नात्याला कार्यक्रमाचं नाव नव्हतं. गोर्कीकडून आपण काय काय शिकलो हे तो आयुष्यभर सांगत राहिला. कीव्हहून आलेल्या जॉन ग्रॅहमने १९४२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये एक प्रदर्शन मांडलं, त्यात पिकासो, मातीस आणि ब्राक यांच्या शेजारी त्याने डी कूनिंग, ली क्रास्नर आणि जॅक्सन पोलॉक यांची चित्रं लावली. तोवर या तिघांना फारसं कुणी ओळखत नव्हतं. ग्रॅहमने त्यांना उपदेश केला असेल नसेल, भिंत मात्र मिळवून दिली. एवढं सगळं जमून आल्यावरही डी कूनिंगचं पहिलं एकल प्रदर्शन झालं १९४८ मध्ये, म्हणजे चव्वेचाळिशीत. ‘आपोआप’ वाट काढायला अमेरिकेत आल्यापासून बावीस वर्षं लागली, आणि त्या बावीस वर्षांत त्याला पगार देणारे, शिकवणारे आणि दार उघडून देणारे वेगवेगळे लोक होते.

या कथेतला एक तपशील आक्षेप घेणारे हमखास गाळतात. १९३७ मध्ये डी कूनिंगला प्रकल्प सोडावा लागला, कारण तो अमेरिकेचा नागरिक नव्हता. परदेशी माणसांना सरकारी कामावर ठेवायचं नाही असा नियम आला होता. त्याच कारणाने यासुओ कुनियोशी यांनाही बाहेर पडावं लागलं. कुनियोशी १९०६ मध्ये जपानहून किशोरवयात आले, न्यूयॉर्कच्या आर्ट स्टुडंट्स लीगमध्ये शिकले आणि नंतर तिथेच शिकवू लागले. जपानी माणसाला नागरिकत्व मागण्याचा हक्कच कायद्याने नव्हता. तो मिळाला १९५२ मध्ये, आणि पुढच्याच वर्षी ते वारले. त्यांच्याशी लग्न केल्यामुळे त्यांच्या अमेरिकन पत्नीचंही नागरिकत्व गेलं होतं. १९४१ मध्ये पर्ल हार्बरवर हल्ला झाल्यावर ते एका रात्रीत शत्रुदेशाचे नागरिक ठरले. आणि १९४८ मध्ये व्हिटनी संग्रहालयाने एका हयात कलावंताचं आपलं पहिलं समग्र प्रदर्शन भरवलं ते याच कुनियोशींचं. प्रतिभा तीच, माणूस तोच. त्याला कधी कामावर ठेवायचं, कधी काढायचं, कधी शत्रू म्हणायचं आणि कधी राष्ट्राचं भूषण म्हणून मिरवायचं हे त्याची चित्रं ठरवत नव्हती.

आता सूझा. साळगावात जन्मलेला आणि मुंबईत वाढलेला हा माणूस कुणाचं मार्गदर्शन ऐकून घेईल असा नव्हताच, जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून त्याला काढून टाकलं होतं आणि १९४७ मध्ये प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप उभा करण्यात तो सगळ्यांत पुढे होता. स्वयंभू म्हणून त्याच्याकडे बोट दाखवणं सोपं आहे. पण १९४९ मध्ये लंडनला गेल्यावर पहिली काही वर्षं घर चाललं ते पत्नी मारिया यांच्या कष्टांवर. उच्चायुक्त कृष्ण मेनन यांची मदत झाली. मग कवी स्टीफन स्पेंडर यांनी हात दिला. १९५५ मध्ये त्यांच्या ‘एनकाउंटर’ मासिकात सूझांचा आत्मकथनपर लेख छापून आला आणि त्याच वर्षी व्हिक्टर मसग्रेव्ह यांच्या गॅलरी वनमध्ये त्यांचं प्रदर्शन गाजलं. दुसऱ्या वर्षापासून हॅरल्ड कोव्हनर या अमेरिकन संग्राहकाने चित्रांच्या बदल्यात नियमित पैसे द्यायला सुरुवात केली, आणि सूझांची सर्वांत जोमदार मानली जाणारी चित्रं त्याच काळातली आहेत. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवायची. तेव्हा कॉमनवेल्थ देशांच्या नागरिकांना ब्रिटनमध्ये राहून काम करायला वेगळा परवाना लागत नव्हता. ते दार १९६२ च्या कायद्याने अरुंद झालं. सय्यद हैदर रझा पॅरिसला गेले ते १९५० मध्ये फ्रेंच सरकारच्या शिष्यवृत्तीवर. गोरेगावचे मोहन सामंत आणि नागपुरात जन्मलेले वासुदेव गायतोंडे न्यूयॉर्कला पोचले ते रॉकफेलर घराण्याच्या निधीतून मिळालेल्या फेलोशिपांवर. यांतला कुणीही केवळ कुंचला आणि जिद्द घेऊन सुटलेला नव्हता.

खुद्द मुंबईत याचं उलटं उदाहरण घडलं, आणि मराठी वाचकाने ते विसरता कामा नये. नाझींच्या सत्तेमुळे बर्लिन आणि व्हिएन्ना सोडून आलेली तीन माणसं १९३० च्या दशकात मुंबईत स्थायिक झाली. वॉल्टर लँगहॅमर टाइम्स ऑफ इंडियाचा कलादिग्दर्शक झाला आणि आपल्या स्टुडिओत तरुण चित्रकारांना बोलावून त्यांच्याशी चित्रांवर तासन्‌तास बोलू लागला. रुडॉल्फ फॉन लायडन वर्तमानपत्रातून त्यांच्या प्रदर्शनांवर लिहू लागला. इमॅन्युएल श्लेसिंगर हा उद्योजक त्यांची चित्रं विकत घेऊ लागला. आरा, रझा, हुसेन, सूझा ही मंडळी या तिघांच्या घरांतून वावरली. इथे निर्वासित हे देणारे होते आणि घेणारे स्थानिक होते. पण मला त्यातली कामाची वाटणी महत्त्वाची वाटते: एकाने शिकवलं, दुसऱ्याने लिहिलं, तिसऱ्याने पैसे मोजले. यांतला फक्त पहिला असता तर मुंबईत एक रंगतदार चर्चामंडळ झालं असतं आणि रझांना एक्सप्रेस ब्लॉक स्टुडिओतली नोकरी करूनच म्हातारपण गाठावं लागलं असतं.

म्हणून माझं म्हणणं असं. नवख्या परदेशी कलावंताला उभं राहायला तीन गोष्टी एकत्र लागतात: तिथे राहून काम करण्याचा कायदेशीर हक्क, काम करण्यापुरता पैशाने विकत घेतलेला वेळ, आणि दार कुठे आहे हे दाखवणारा व ते उघडून धरणारा माणूस. मेंटरिंग ही तिसरी गोष्ट आहे. ती अनावश्यक आहे असं म्हणणारे इतिहास चुकीचा सांगतात. पण तेवढी दिली की पुरे, असं समजून तिच्यावरच थांबणारे दातेसुद्धा तीच चूक दुसऱ्या टोकाने करतात. त्यांनाही मनातून असंच वाटत असतं की प्रतिभा वाट काढतेच, फक्त तिला थोडा नकाशा द्यावा.

आजचा कायदा या नकाशाचं काय करतो ते न्यूयॉर्कमध्ये स्वच्छ दिसतं. समजा एखादी तरुणी अमेरिकेत चित्रकलेची किंवा नृत्याची पदवी घेते. शिक्षण संपल्यावर तिला आपल्या विषयात काम करायला बारा महिने मिळतात. विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदवीधरांना त्यावर आणखी चोवीस महिने मिळतात, चित्रकाराला मिळत नाहीत. या बारा महिन्यांत नव्वद दिवसांहून जास्त काळ ती कामाविना राहिली तर तो हक्क धोक्यात येतो. आणि त्यानंतर तिथे राहून कला करत राहायची असेल तर तिच्यासमोर मुख्यतः जो व्हिसा उरतो तो ओ-१. १९९० च्या कायद्याने तो निर्माण केला तो असामान्य कर्तृत्वाच्या माणसांसाठी. कलाक्षेत्रात त्यासाठी मोठं पारितोषिक तरी हवं, नाहीतर सहापैकी तीन प्रकारचे पुरावे: नामांकित निर्मितीत प्रमुख भूमिका, वृत्तपत्रांतली परीक्षणं, प्रतिष्ठित संस्थेत महत्त्वाचं स्थान, समीक्षकांची किंवा संस्थांची दाद, गाजलेल्या यशाची नोंद, इतरांहून जास्त मोबदला. म्हणजे जी अजून उमेदवारी करते आहे तिने उमेदवारी संपल्याचे दाखले आणायचे, तेही वर्षभरात. बरं, हा अर्ज ती स्वतः करू शकत नाही. तिच्या वतीने एखाद्या अमेरिकन संस्थेने किंवा एजंटाने तो करायचा. २०२४ च्या एप्रिलपासून त्याची सरकारी फी एक हजार पंचावन्न डॉलर झाली, ना-नफा आणि लहान संस्थांना पाचशे तीस. निर्णय लवकर हवा असेल तर त्या वेळी त्यावर आणखी दोन हजार आठशे पाच लागत. वकिलाचे काही हजार वेगळेच. व्हिसा मिळाला तर जास्तीत जास्त तीन वर्षांसाठी, आणि पुढे मुदत वाढते ती एकेका वर्षाने.

या चाळणीतून खाली कोण उतरतं? प्रतिभा हा त्यातला एक घटक खरा. पण वर्षभर विनामोबदला प्रदर्शनं करून पुरावे जमवणं ज्यांच्या घरच्यांना परवडतं ते आधी उतरतात. विनामोबदला हा शब्द मी जपून वापरतो आहे. डब्ल्यू.ए.जी.ई. या न्यूयॉर्कमधल्या कलावंतांच्या संघटनेने २०१० मध्ये पाहणी केली. शहरातल्या ना-नफा कलासंस्थांत आधीच्या पाच वर्षांत ज्यांची कामं मांडली गेली त्यांतल्या सुमारे अठ्ठावन्न टक्के उत्तरदात्यांना त्याबद्दल एक पैसाही मिळाला नव्हता, झालेला खर्चसुद्धा नाही. स्थानिक कलावंत अशा वेळी कॅफेत काम करून भाडं भरतो. व्हिसावरच्या कलावंताला ते करता येत नाही. त्याचा परवाना त्याच्या कलेपुरता असतो आणि कला तर पैसे देत नाही. म्हणजे बाजारात गुणवत्ता आपोआप निवडली जाते असं जे सांगितलं जातं तो बाजार मुळात बापाच्या बँक खात्याने आधीच चाळलेला असतो. सरकारी आणि खासगी निधींतही तेच. अमेरिकेच्या राष्ट्रीय कलानिधीची व्यक्तींसाठीची अनुदानं नागरिक आणि कायम रहिवाशांसाठी असत. गुगनहाइम फेलोशिपची मुख्य स्पर्धाही अमेरिका आणि कॅनडाचे नागरिक व कायम रहिवासी यांच्यासाठी. नवोदिताला अर्ज कसा करावा हे कितीही शिकवा, जिथे अर्ज करण्याचीच मुभा नाही तिथे सुरेख लिहिलेल्या अर्जाचं काय करायचं?

मग मेंटरिंग करतं तरी काय? पुष्कळ करतं, आणि ते हिणवण्यासारखं नाही. न्यूयॉर्क फाउंडेशन फॉर द आर्ट्स ही १९७१ ची संस्था. तिने २००७ मध्ये खास स्थलांतरित कलावंतांसाठी मार्गदर्शनाचा कार्यक्रम सुरू केला आणि दहा वर्षांनी तो अमेरिकेतल्या आणखी काही शहरांत नेला. प्रस्थापित कलावंत आणि नवा कलावंत अशी जोडी लावायची, आणि काही महिने त्यांनी एकमेकांना भेटायचं, अशी त्याची मूळ रचना. बाहेरून पाहणाऱ्याला त्यात अर्ज आणि पोर्टफोलिओच दिसतात. पण परमुलखातलं कलाजग लिखित नियमांवर चालत नाही. क्युरेटरला थेट पत्र लिहिणं उद्धटपणा ठरतं की न लिहिणं आळस. गॅलरीने चित्र विकून पैसे दिले नाहीत तर विचारायचं कधी. करारात कॉपीराइटचं कलम नसेल तर काय बिघडतं. कुठल्या रेसिडेन्सीला जगात किंमत आहे आणि कुठली नुसती फी उकळते. स्थानिक कलावंत हे वर्गमित्रांकडून, शिक्षकांकडून, वडिलांच्या मित्राकडून नकळत शिकतो. बाहेरून आलेल्याला ती शिदोरी मिळालेली नसते. ती देणं म्हणजे लाड नव्हे.

इथे मराठी माणूस हमखास गुरुकुलाचा दाखला काढतो. आपल्या घराण्यांत कुठे होत्या ग्रँटा आणि कार्यशाळा? शिष्य गुरूच्या घरी पाणी भरत आणि त्यातूनच गाणं घडे. मान्य, पण ते घर कोण चालवत होतं हेही विचारा. अल्लादिया खाँ उत्तरेतून आले आणि कोल्हापूरला शाहू महाराजांच्या दरबारी राहिले. दरबाराने त्यांना पोसलं म्हणून महाराष्ट्रात जयपूर घराणं रुजलं. गोव्याच्या केसरबाई केरकरांनी त्यांच्याकडे तालीम घेतली तेव्हा त्या तालमीचा भार उचलणारा धनिक होता. आणि शिष्य गुरूच्या घरी राही म्हणजे तिथे जेवत असे. गुरुकुलात ज्ञान, निवारा आणि अन्न एकाच छपराखाली होतं. आजचे कार्यक्रम त्यातलं ज्ञान तेवढं उचलतात आणि नाव गुरू-शिष्य परंपरेचं घेतात, ही खरी गंमत आहे.

दात्यांना सल्ला देणं आवडतं, कारण सल्ला स्वस्त पडतो. वर्षाला वीस कलावंतांना वीस मार्गदर्शक जोडून दिले की अहवालात चाळीस हसरे चेहरे येतात. त्याच वीस जणांना वर्षभराचं घरभाडं आणि व्हिसाच्या अर्जाचा खर्च द्यायचा ठरवला तर विश्वस्तांची बैठक लांबते. पण पैसे थेट दिल्याने कलावंत आळशी होतो हा समज आता टिकण्यासारखा नाही. आयर्लंडने २०२२ मध्ये दोन हजार कलावंतांना आठवड्याला ३२५ युरो देण्याचा तीन वर्षांचा प्रयोग केला. पात्र अर्जदारांतून निवड चिठ्ठ्या टाकून झाली, म्हणजे परीक्षकांच्या आवडीनिवडीला वावच नव्हता. सरकारने स्वतः केलेल्या अभ्यासात दिसलं की पैसे मिळालेले कलावंत न मिळालेल्यांपेक्षा आठवड्याला साडेतीन तास जास्त कलेवर घालवत होते. न्यूयॉर्क राज्यातही एका खासगी निधीतून चोवीसशे कलावंतांना अठरा महिने दरमहा हजार डॉलर दिले गेले. फेडरल आर्ट प्रोजेक्टनंतर ऐंशी-नव्वद वर्षांनी लोक तीच गोष्ट पुन्हा शोधून काढत आहेत: कलावंताला वेळ द्या, बाकी बरंचसं तो बघून घेतो.

एक आक्षेप मात्र वजनदार आहे आणि तो या कलावंतांच्या बाजूनेच आला आहे. १९७६ मध्ये नसीम खान यांनी ब्रिटनमधल्या स्थलांतरित समाजांच्या कलांकडे होणाऱ्या दुर्लक्षावर अहवाल लिहिला. त्यावर कराचीहून लंडनला गेलेले चित्रकार-शिल्पकार रशीद आराईन तुटून पडले. त्यांचं म्हणणं असं की अशाने आधुनिक चित्रकाराला ‘वांशिक कले’च्या कोंडवाड्यात ढकललं जातं, गोरा कलावंत कला करतो आणि आम्ही आमची संस्कृती सादर करतो. आराईन यांनी नंतर ‘थर्ड टेक्स्ट’ हे नियतकालिक काढलं आणि १९८९ मध्ये हेवर्ड गॅलरीत ‘दि अदर स्टोरी’ हे प्रदर्शन भरवलं. त्यात सूझाही होते. आराईन यांचा राग खरा होता. ज्या कार्यक्रमात नवोदिताला आपलं ‘स्थलांतराचं दुःख’ दोनशे शब्दांत मांडायला शिकवतात, तिथे त्याचं चित्र त्याच्या पासपोर्टाची तळटीप होऊन बसतं. दात्यांना ऐकायला आवडेल अशी कहाणी घडवून देणारे मार्गदर्शक आहेत आणि ते घातक आहेत. पण आराईन यांचा मुद्दा मदत थांबवा असा होत नाही. तो मदतीचा निकष बदला असा होतो. निकष परिस्थितीचा असावा, अस्मितेचा नसावा. ज्याच्या व्हिसाला मुदत आहे, जो नागरिकांसाठी राखीव निधीला अपात्र आहे, ज्याला तिथे कुणी ओळखत नाही, त्याला मदत. मग त्याने अमूर्त निळे चौकोन रंगवावेत की वारली पद्धतीची चित्रं, हा त्याचा प्रश्न. परिस्थिती बदलली की पात्रता संपते आणि शिक्काही उरत नाही.

दुसरा आक्षेप जास्त ऐकू येतो पण त्यात दम कमी आहे: स्थानिक गरीब कलावंत उपाशी असताना परक्यांना का? नागरिकांसाठी राखीव निधींची यादी वर आलीच आहे. परक्यांना झुकतं माप मिळतं हे चित्रच उलटं आहे. आणि प्रदर्शन करणाऱ्याला मानधन मिळालंच पाहिजे ही डब्ल्यू.ए.जी.ई.ची मागणी मान्य झाली तर तिचा सर्वांत जास्त फायदा संख्येने मोठ्या असलेल्या स्थानिक कलावंतांनाच होईल.

नियम हे हवामानासारखे असतात, त्यांना तोंड द्यायला शिकणं एवढंच आपल्या हाती, असं मार्गदर्शनाच्या कार्यक्रमांत गृहीत धरलेलं असतं. ते खरं नाही. १९९० मध्ये न्यूयॉर्कमधल्या आशियाई-अमेरिकन कलावंतांनी गॉडझिला नावाचा गट काढला. पुढच्या वर्षी त्यांनी व्हिटनी संग्रहालयाच्या संचालकांना पत्र लिहून तिथल्या द्वैवार्षिक प्रदर्शनात आपले लोक का नाहीत असं विचारलं, आणि १९९३ च्या प्रदर्शनात चित्र बदललेलं दिसलं. मुंबईत जन्मलेल्या जयश्री अबिचंदानी यांनी १९९७ मध्ये न्यूयॉर्कमध्येच दक्षिण आशियाई स्त्री-कलावंतांचं मंडळ उभारलं, ते कुणा ज्येष्ठाने दिलेल्या दीक्षेवर नव्हे, बरोबरीच्यांनी एकमेकींना दिलेल्या आधारावर. २०१५ मध्ये क्रिस्टोफर सोटो, मार्सेलो हर्नांडेझ कास्तियो आणि हाविएर झमोरा या तीन कवींनी अनडॉक्युपोएट्स नावाने मोहीम काढली. पहिल्या कवितासंग्रहाच्या स्पर्धांमधली नागरिकत्वाची अट काढा, एवढीच मागणी. आणि अनेक प्रकाशनांनी ती अट काढली. पुलित्झर पारितोषिकाच्या पुस्तकांच्या विभागांनीही २०२५ पासून कायम रहिवाशांना आणि अमेरिका हेच दीर्घकाळ घर असलेल्या लेखकांना प्रवेश खुला केला. ज्या मेंटरला स्वतःच्या शब्दाला वजन आहे त्याने शिष्याचा अर्ज तपासून देण्याबरोबर अशा अटींवर परीक्षक म्हणून, विश्वस्त म्हणून तोंड उघडावं, अशी अपेक्षा या कार्यक्रमांनी लेखी ठेवायला काय हरकत आहे?

यात आपलाही वाटा आहे. अमेरिकेतल्या मराठी मंडळांकडे पैसा आहे, माणसं आहेत, नोंदणीकृत ना-नफा संस्थेचा दर्जा आहे. बृहन्महाराष्ट्र मंडळाची अधिवेशनं दर दोन वर्षांनी भरतात आणि त्यांचं मुख्य आकर्षण मुंबई-पुण्याहून नेलेले नामवंत कलावंत हेच असतं. त्याला माझी ना नाही. नाटक पाहावंसं वाटणं हा काही गुन्हा नाही. पण त्याच शहरात नाट्यलेखनाची किंवा नृत्याची पदवी संपवून बारा महिन्यांचं घड्याळ बघत बसलेली मुलं-मुली असतात, आणि त्यांच्या वाट्याला गणेशोत्सवातला विनामूल्य ‘लोकल टॅलेंट’चा अर्धा तास येतो. व्हिसाच्या कागदांत त्या अर्ध्या तासाला किंमत नाही. मानधन देऊन, करार करून, कार्यक्रमपत्रिकेत ठळक नाव छापून आणि बाहेरच्या समीक्षकाला बोलावून तोच प्रयोग केला तर त्यातून पुरावा तयार होतो. वकिलाचा सल्ला घेऊन मंडळाला त्यांच्या वतीने अर्जदारही होता येईल. अधिवेशनाच्या अंदाजपत्रकात पाहुण्यांच्या विमानभाड्याचं कलम असतंच. त्याच्या खाली स्थानिक नवोदितांच्या मानधनाचं आणि वकिलाच्या फीचं कलम घालायला कुठल्याही सरकारची परवानगी लागत नाही.